चिठ्ठीवर दुसरी तारीखही हवी

गेल्या महिन्यात सोलापुरात आमच्या भागातल्या ज्येष्ठ नागरिकांनी एक परिसंवाद ठेवला होता. विषय होता झोप आणि मनाचे आजार. एका बाजूला योगाचे वर्ग घेणारे गृहस्थ, दुसऱ्या बाजूला एक डॉक्टर, आणि समोर आम्ही साठ-सत्तर माणसं, त्यातली निम्मी तरी रात्री न झोपणारी. योगवाले उठले आणि म्हणाले, "झोपेची गोळी म्हणजे दुखण्यावर सोलापुरी चादर. दुखणं आत तसंच, वरून नुसती ऊब." टाळ्या पडल्या. डॉक्टर म्हणाले, नैराश्य हा आजार आहे, आजाराला औषध लागतं, व्हॉट्सअॅपवर काहीतरी वाचून गोळ्या बंद करू नका. त्यांनाही टाळ्या पडल्या, जरा कमी. दीड तास हेच चाललं. मग चहा झाला, पांगापांग झाली. बाहेर चपला शोधताना एक निवृत्त कारकून माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "सर, मी सहा वर्षं घेतोय. आता काय करू?" या प्रश्नाचं उत्तर स्टेजवरच्या दोघांकडेही नव्हतं, कारण दोघांनी तो स्वतःला विचारलाच नव्हता.

"गोळी घ्यावी की घेऊ नये" हा वादच चुकीच्या जागी उभा आहे, असं माझं म्हणणं आहे. नैराश्यासोबत झोप उडालेली असेल, तर डॉक्टरांनी लिहून दिलेली झोपेची गोळी काही दिवस घ्यायला लाजण्याचं कारण नाही, आणि ती घेण्यात कसलाही पराभव नाही. पण ती ज्या दिवशी सुरू होते त्याच दिवशी, त्याच चिठ्ठीवर, ती कधी थांबवायची हेही लिहिलेलं असलं पाहिजे. आपल्याकडे चिठ्ठीवर एकच तारीख असते. सगळा घोळ त्या न लिहिलेल्या दुसऱ्या तारखेत आहे.

आधी एक गोंधळ निस्तरू. सभेत दोघंही "गोळी" हा शब्द एकवचनी वापरत होते, जणू डब्यात एकच गोळी आहे. नैराश्याच्या माणसाच्या डब्यात बहुधा दोन असतात. एक नैराश्यावरची. ती हळू चालते, गुण दिसायला दोन ते चार आठवडे घेते, काही महिने तरी घ्यावी लागते. तिची नशा होत नाही, चटक लागत नाही. मात्र एकाएकी सोडली तर चक्कर, बेचैनी असा त्रास होतो. दुसरी झोपेची, म्हणजे क्लोनाझेपाम, अल्प्राझोलाम किंवा झोल्पिडेम. ती त्याच रात्री काम करते, आणि काही आठवड्यांतच शरीर तिला सरावतं. पहिली लवकर सोडणं धोक्याचं, दुसरी लवकर न सोडणं धोक्याचं. आता या दोघींना एकच नाव दिल्यावर काय होणार? ज्याला "गोळीची सवय लागते" असं सांगितलंय तो पहिली बंद करतो आणि दुसरी, तिच्यावाचून झोपच येत नाही म्हणून, चालू ठेवतो. नेमकं उलटं. असं करणारी माणसं मी एका हाताच्या बोटांवर मोजू शकत नाही, आणि त्यात पहिलं बोट माझं स्वतःचं आहे.

२०१९च्या उन्हाळ्यात मी शाळेतून निवृत्त झालो. निरोपसमारंभ झाला, शाल-श्रीफळ झालं, आणि पंधरा दिवसांनी पहाटे तीनला जाग यायला लागली. रोज तीन. आमच्या गल्लीच्या मागे यंत्रमाग आहेत, रात्रपाळी चालू असते. तीस वर्षं त्या खटखटीत मी गाढ झोपलेलो. आता एकेक धोटा मोजत पडायचो. डोक्यात १९९४ साली एका मुलाच्या विनाकारण कानाखाली मारली होती ते यायचं, आणि पहाटे साडेतीनला ते इतकं मोठं व्हायचं की माझं सगळं आयुष्य त्या एका थपडेचं आहे असं वाटायचं. सकाळी तोच विचार चहाच्या कपात मावेल एवढा होई. पण सकाळपर्यंत जायचं कसं? बायकोने जबरदस्तीने मानसोपचारतज्ज्ञाकडे नेलं. त्यांनी सकाळची एक गोळी दिली, रात्रीची एक अगदी बारीक दिली, आणि म्हणाले, "सकाळची भिंत बांधतेय, तिला महिना लागेल. रात्रीची तोवरचा टेकू. चौदा दिवस." चौथ्या रात्री मी सलग साडेपाच तास झोपलो. उठलो तर दूधवाला येऊन गेलेला. तो आला आणि मला कळलं नाही, या गोष्टीचा मला झालेला आनंद मी कुणाला सांगू शकलो नाही, हसू आलं असतं लोकांना.

चौदा दिवस झाले. पंधराव्या दिवशी मी मेडिकलमध्ये गेलो. जुनीच चिठ्ठी, तिच्यावर घडीच्या रेषा पडलेल्या. काउंटरवरच्या पोराने ती उघडलीही नाही. "काका, पॉइंट फाइव्ह ना? एक स्ट्रिप की दोन?" मी दोन म्हणालो. असं आठ महिने चाललं. दरम्यान सकाळची गोळी मीच माझ्या मनाने बंद करून टाकली, बरं वाटतंय म्हणून. नंतर नावं विसरायला लागलो, दुपारी डोकं जड, आणि गोळी नसेल त्या रात्री पूर्वीपेक्षाही वाईट झोप. परत त्याच डॉक्टरांकडे गेलो तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला. सकाळची पुन्हा चालू केली, आणि रात्रीची सुटायला अकरा आठवडे लागले: आधी अर्धी, मग ब्लेडने कापून पाव, मग एकाआड एक. त्या गोळीने मला वाचवलं आणि त्याच गोळीने मला अडकवलं. म्हणून तिच्या बाजूने किंवा विरुद्ध घोषणा देणाऱ्या कुठल्याच मोर्च्यात मला जाता येत नाही.

आता विरोधकांचं म्हणणं, आणि त्यातलं सगळ्यात बळकट तेवढंच घेतो. झोपेच्या औषधाचा इतिहास हा मोडलेल्या वचनांचा इतिहास आहे, आणि हे अगदी खरं आहे. १९०३ मध्ये व्हेरोनाल बाजारात आलं ते निर्धोक म्हणून. बार्बिट्युरेटच्या त्या कुळाने पुढच्या पन्नास वर्षांत व्यसनही दिलं आणि जास्त प्रमाणात घेतल्यास श्वासही थांबवला. १९५७ मध्ये जर्मनीत थॅलिडोमाइड आलं, इतकं सुरक्षित की चिठ्ठीचीही गरज नाही. गरोदर बायकांनी घेतलं, आणि १९६१ मध्ये मागे घेईपर्यंत दहा हजारांहून अधिक बाळं व्यंग घेऊन जन्मली. १९६३ मध्ये व्हॅलियम आलं, बार्बिट्युरेटपेक्षा सुरक्षित म्हणून, आणि ते होतंही. पण सत्तरच्या दशकात ते अमेरिकेतलं सर्वाधिक लिहून दिलं जाणारं औषध झालं आणि ते सोडताना माणसं कशी तडफडतात हे नंतर कळलं. मग झोल्पिडेम आलं. २०१३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने बायकांसाठी त्याची मात्रा निम्मी केली, २०१९ मध्ये त्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला, कारण काही माणसं झोपेतच उठून चालत होती, गाडी चालवत होती. एवढं सगळं समोर असताना "डॉक्टरांवर विश्वास ठेवा" एवढंच सांगून भागत नाही. संशय घेणारा माणूस अडाणी नसतो, त्याची स्मरणशक्ती चांगली असते.

याहून जवळचं उदाहरण आपल्याकडे आहे आणि ते मला जास्त टोचतं. मुंबईच्या गिरणगावात बायका तान्ह्या लेकरांना अफूची बाळगोळी चारून कामावर जायच्या. १९२०च्या दशकातल्या सरकारी पाहण्यांत याची नोंद आहे. बाळ दिवसभर निपचित पडायचं. त्या आया दुष्ट नव्हत्या. गिरणीचा भोंगा बाळासाठी थांबत नव्हता. आणि त्यावरचा इलाज आयांना उपदेश हा नव्हता, पाळणाघर हा होता. १९४८च्या कारखाना कायद्यात ती तरतूद आली. योगवाल्यांना जे म्हणायचं होतं आणि नीट म्हणता आलं नाही ते बहुधा हेच: की आज यंत्रमागाच्या बारा तासांच्या पाळीने, कर्जाच्या हप्त्याने, रिकाम्या घराने उडवलेली झोप आपण गोळीने दाबतोय, म्हणजे ही मोठ्यांची बाळगोळीच आहे. माझे वडील गिरणीत रात्रपाळीला जायचे. दिवसा कानात कापूस घालून झोपायचे आणि आम्हा पोरांना कुजबुजत खेळायला लागायचं. त्यामुळे हा मुद्दा मला कुणी शिकवायला नको.

पण हा मुद्दा तंतोतंत मान्य केला तरी त्यातून "म्हणून गोळी घेऊ नका" हा निष्कर्ष निघत नाही. पाळी बदलायची लढाई वर्षानुवर्षांची असते. नैराश्यातला माणूस त्या लढाईला उभाच राहू शकत नाही, तो अंथरुणातून आंघोळीपर्यंत पोचत नाही. त्याला आधी रात्र पार पाडायची असते. चादर थंडीचं कारण घालवत नाही, कबूल. पण सोलापुरात जन्मून चादरीची अशी टिंगल? थंडीतल्या माणसाला "आधी ऋतू बदलू दे" असं कुणी सांगत नाही, अंगावर घालायला देतात. प्रश्न फक्त एवढाच, की चैत्र आला तरी ती अंगावरच आहे का.

दुसरा आक्षेप जरा शास्त्रीय थाटात येतो. झोप उडणं हे नैराश्याचं नुसतं लक्षण आहे. मूळ बरं करा, झोप आपोआप येईल. वर्षानुवर्षं डॉक्टरही असंच मानत. पण ज्यांना आधीपासून निद्रानाश आहे त्यांना पुढे नैराश्य येण्याची शक्यता साधारण दुप्पट असते, हे अनेक अभ्यास एकत्र करून पाहिल्यावर दिसलं आहे. नैराश्य ओसरलं पण झोप बिघडलेलीच राहिली, तर आजार उलटण्याचा धोका वाढतो. म्हणजे इथे धूर आणि आग असं सरळ नातं नाही. दोघं एकमेकांना पेटवतात. आणि गोळीच्या वेळेबद्दलही हवेत बोलायची गरज नाही. २०१९ साली, वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यात नुसतं नैराश्याचं औषध घेणारे आणि त्यासोबत डायझेपामच्या (म्हणजे व्हॅलियमच्या) कुळातली गोळी घेणारे यांची तुलना झाली. पहिल्या चार आठवड्यांत दोन्ही घेणाऱ्यांना जास्त आराम पडला. त्यानंतर तो फरक उरला नाही. या दोन वाक्यांत दोन्ही वक्त्यांची भाषणं संपतात. पहिल्या वाक्याने योगवाल्यांचं, दुसऱ्याने सहा वर्षं तीच चिठ्ठी चालू देणाऱ्याचं.

मग गोळीशिवायच्या उपायाचं काय? हा आक्षेप मला सगळ्यात मनापासून पटतो. जुनाट निद्रानाशावर पहिला उपचार गोळीचा नसावा, वर्तन बदलण्याचा असावा, असं अमेरिकेच्या फिजिशियन मंडळींनी २०१६ मध्ये आणि युरोपच्या तज्ज्ञांनी २०१७ मध्ये स्पष्ट सांगितलं. ठरल्या वेळी उठणं, झोप येत नसेल तर अंथरूण सोडणं, अंथरुणावर घालवायचा वेळ आधी कमी करून मग वाढवणं, "आज झोपलो नाही तर उद्या संपलो" या विचाराची उलटतपासणी. याचा गुण गोळीपेक्षा जास्त टिकतो. पण ही पद्धत शिकवणारी प्रशिक्षित माणसं आपल्याकडे आहेत किती? मराठीत, तेलुगूत, कन्नडमध्ये शिकवणारी? त्यातल्या सल्ल्याचं ते सुप्रसिद्ध वाक्य घ्या: खोली शांत, अंधारी आणि थंड ठेवा. मे महिन्यात त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर पारा, पत्र्याचं घर, एका खोलीत पाच माणसं, शेजारी माग, आणि काही दिवसांआड येणारं पाणी येतं तेही कधी रात्री दोनला. बायका कळशा घेऊन उठतात. त्यांना "रात्रीची झोप मोडू देऊ नका" म्हणायचं धाडस मला होत नाही. तरीही त्या पद्धतीतली एक गोष्ट फुकट आहे आणि पत्र्याच्या घरातही चालते, ती म्हणजे उठायची वेळ. रात्री कितीही वाजता डोळा लागो, सकाळी सहा म्हणजे सहा. माझी गोळी सुटली त्यात डॉक्टरांइतकाच या सहाचा हात आहे. दुपारची झोप बंद केली हा अजून एक, पण सोलापूरच्या उन्हाळ्यात तो त्याग किती मोठा आहे हे बाहेरच्यांना कळणार नाही.

उरतो तो जुना, सभ्य भाषेत गुंडाळलेला टोमणा: मन खंबीर असेल तर गोळी कशाला? याला उत्तर द्यायला मी आपल्याच गावच्या माणसाकडे जातो. डॉ. द्वारकानाथ कोटणीस १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात जन्मले, १९३८ मध्ये वैद्यकीय पथकातून चीनला गेले, युद्धभूमीवर शस्त्रक्रिया करत राहिले आणि १९४२ मध्ये वयाच्या बत्तिसाव्या वर्षी अपस्माराने गेले. त्यांचं मन खंबीर नव्हतं असं म्हणायची कुणाची छाती आहे? अपस्मार मेंदूचा आजार आहे हे आज आपण सहज मान्य करतो. एके काळी त्यालाही अंगात येणं, बाधा, पापाचं फळ म्हणत. आणि त्या आजारावरचं एक मोठं औषध कुठून आलं? फेनोबार्बिटाल हे १९१२ मध्ये झोपेचं औषध म्हणूनच बाजारात आलं. त्याच वर्षी जर्मनीत हाउप्टमान या तरुण डॉक्टरने ते अपस्माराच्या रुग्णांना दिलं आणि त्यांचे झटके कमी झालेले त्याला दिसले. बदनाम बार्बिट्युरेट कुळातलंच औषध, पण नेमक्या आजाराला, नेमक्या मात्रेत दिलं तर आजही उपयोगी. (योगायोग असा की कोटणीसांचा जन्मदिवस हाच जागतिक मानसिक आरोग्य दिन. आपल्या गावात दोन्हींचा एकत्र कार्यक्रम व्हायला काय हरकत आहे?) आयुर्वेदाचं नाव घेऊन विरोध करणाऱ्यांना तर एवढंच सांगावंसं वाटतं की चरकाने शरीराचे तीन आधारस्तंभ मोजले त्यात आहाराच्या शेजारी निद्रा बसवली आहे. खांब कलला तर टेकू लावू नका, असं त्याने कुठे म्हटलेलं नाही.

मग चुकतं कुठे? डॉक्टरांच्या खोलीत थोडं आणि मेडिकलच्या काउंटरवर फार. अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम ही औषधं १ मार्च २०१४ पासून औषध नियमांच्या परिशिष्ट एच-वन मध्ये आहेत. दुकानदाराने वेगळ्या रजिस्टरमध्ये रुग्णाचं नाव, डॉक्टरांचं नाव-पत्ता, किती गोळ्या दिल्या हे लिहायचं आणि ते रजिस्टर तीन वर्षं ठेवायचं, असा नियम आहे. क्लोनाझेपामलाही चिठ्ठी लागतेच. तुमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात ते रजिस्टर कधी उघडलेलं पाहिलंय? मी तरी नाही. आणि दुसऱ्या टोकाला, २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने दाखवलं की आजारानुसार ७० ते ९२ टक्के मानसिक रुग्ण उपचारांपर्यंत पोचतच नाहीत. म्हणजे ज्यांना औषध हवं त्यांना ते मिळत नाही, आणि ज्यांचं थांबायला हवं त्यांना ते पानपट्टीसारखं मिळतं. या दोन्ही गोष्टी एकाच गावात, कधी एकाच घरात घडतात. "डोक्याच्या डॉक्टरकडे" जायची लाज वाटते म्हणून माणूस मेडिकलमधूनच गोळी नेतो. औषधाची भीती घालणारी भाषणं त्याला डॉक्टरपासून तोडतात, गोळीपासून तोडत नाहीत.

दुसरी तारीख लिहिली म्हणजे सगळं सुटेल असं नाही, हे मलाही कळतं. ओपीडीत एका रुग्णाला पाच मिनिटं मिळतात. काहींना चौदा दिवस पुरत नाहीत, काहींना झोप आणणारं नैराश्याचंच औषध, मिर्टाझपिनसारखं, जास्त बरं पडतं आणि मग वेगळ्या झोपेच्या गोळीची गरजच राहत नाही. म्हाताऱ्यांना या गोळ्यांनी तोल जाऊन पडायची भीती असते. दारूबरोबर घेतल्या तर जीव जाऊ शकतो. आणि ज्याच्या मनात नको ते विचार येतात त्याच्या घरात महिन्याची गोळी एकदम ठेवूच नये, आठवड्याची आणावी, ती दुसऱ्याने सांभाळावी. वर्षानुवर्षं घेणाऱ्याने तर ती उद्यापासून बंद करू नये, फिट येऊ शकते; डॉक्टरांच्या देखरेखीत महिनोन्‌महिने उतरवावी. कारकूनसाहेबांना मी चपलांच्या ढिगाशेजारी हेच सांगितलं. सिव्हिलला मानसोपचार विभाग आहे, सरकारच्या टेलि-मानस हेल्पलाइनला, १४४१६ वर, फोन लावला तर फुकट आणि मराठीत बोलता येतं, हेही सांगितलं. त्यांनी नंबर हातावर लिहून घेतला. पण मुळात सहा वर्षांपूर्वी चिठ्ठीवर "अमुक तारखेला परत दाखवा, तोवर एवढ्याच गोळ्या" असं असतं, आणि काउंटरवरच्या पोराने ती तारीख वाचली असती, तर त्यांना चपला शोधताना विचारायची वेळ आली नसती.

आमच्या शेजारच्या अम्मा विड्या वळतात. नवरा गेल्यावर त्यांची झोप गेली, मग भूक गेली, मग हात. हजाराच्या जागी चारशे विड्या व्हायला लागल्या, तेव्हा लेक घाबरली आणि डॉक्टरकडे घेऊन गेली. गोळ्या तंबाखूच्या सुपाशेजारी स्टीलच्या डब्यात असतात. अम्मांना मराठी वाचता येत नाही. लेकीने डॉक्टरांना तिथेच विचारून रात्रीच्या गोळीची शेवटची तारीख घेतली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर एकवीसला लाल गोल केला. त्याच चौकोनात खाली पेन्सिलीने लिहिलंय: पाणी, रात्री दीड.